तीस दिवसांचे वर्जन आणि एकतिसावा दिवस

काही अन्नगट ठरावीक मुदतीपुरते पूर्णपणे सोडायचे आणि मुदत संपल्यावर ते एकेक करून परत आणायचे, या पद्धतीला वर्जनाहार म्हणता येईल. तिचे आज सर्वांत गाजलेले रूप म्हणजे मेलिसा आणि डॅलस हार्टविग यांनी २००९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला ‘होल थर्टी’ हा कार्यक्रम. त्यात तीस दिवस साखर, गूळ, मध व कृत्रिम गोडी आणणारे पदार्थ, मद्य, सर्व धान्ये, बहुतेक डाळी-कडधान्ये आणि तुपाखेरीज सर्व दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य असतात. मध्येच नियम मोडला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागते. पुरस्कर्त्यांचा पूर्वपक्ष असा की, एवढ्या काळात शरीराची विस्कटलेली घडी नीट बसते, गोडाची ओढ ओसरते आणि खाण्याच्या जुन्या सवयी मोडतात.

हा पूर्वपक्ष तपासणीत टिकत नाही. पहिल्या आठवड्यात कपडे सैल झाल्याचा जो आनंद होतो, त्यातला बराच वाटा पाण्याचा असतो. धान्ये आणि साखर बंद झाली की यकृतात व स्नायूंत साठलेली शर्करा, म्हणजे ग्लायकोजन, खर्ची पडते. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते, आणि पोळी-भात ताटात परतला की तेही परतते. (महिनाभर वजनकाट्यावर उभे राहू नये, हा याच कार्यक्रमातला नियम त्यामुळे शहाणपणाचाच म्हटला पाहिजे.) सवयीचे म्हणाल तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मध्यक, म्हणजे निम्म्या लोकांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त काळ लागला तो आकडा, ६६ दिवस आला, आणि व्यक्तीगणिक हा अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. शिवाय तिथल्या कृती दुपारच्या जेवणाबरोबर एक फळ खाण्यासारख्या, म्हणजे करण्याच्या होत्या. नुसते न करणे किती दिवसांत मुरते, याचे उत्तर त्यातून मिळतच नाही. गोडाच्या ओढीविषयी फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांचा २०१६ चा अभ्यास अधिक बोलका आहे. तीन महिने साखर कमी केलेल्यांना तेच पुडिंग पूर्वीपेक्षा जास्त गोड लागू लागले, परंतु त्यांना किती गोड आवडते यात फरक पडला नाही, आणि बंधन उठताच त्यांचे साखरेचे प्रमाण पूर्वपदावर आले. जिथे तीन महिने अपुरे पडले, तिथे एका महिन्याकडून कायमच्या पालटाची अपेक्षा धरणे हा भाबडेपणा होय.

वर्ज्य पदार्थांची यादीही निरपवाद नाही. मूळ कार्यक्रमात डाळी निषिद्ध आहेत, पण २०२२ मध्ये त्याच कार्यक्रमाची वनस्पतिजन्य आवृत्ती निघाली, तेव्हा प्रथिनांसाठी त्याच डाळी आणि कडधान्ये ताटात सन्मानाने बसवावी लागली. ज्या शाकाहारी मराठी घरात वरण-भात, उसळ-पोळी आणि दही हाच प्रथिनांचा आधार आहे, तिथे मूळ यादी जशीच्या तशी लावली तर मुख्यतः भाज्या, फळे आणि दाण्यांऐवजी खोबरे उरते, कारण शेंगदाणाही कडधान्यांतच मोजला जातो. त्यावर केळे चालते, अंडे चालते, मात्र दोन्ही कालवून तव्यावर घातलेला पॅनकेक चालत नाही, असाही दंडक आहे. पोटात जाणारे घटक तेच असताना हरकत पदार्थाच्या रूपाला घेतली जाते, तेव्हा तो प्रयोगाचा नियम न राहता व्रताचा नियम होतो. व्रताला कमी लेखण्याचे कारण नाही. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याची भजी आणि वांग्याचे भरीत खाऊन चातुर्मासात ते सोडणारी घरे महाराष्ट्रात आहेत. चातुर्मास सरला की कांदा निर्वेधपणे परततो आणि व्रत फसले असे कुणी म्हणत नाही, कारण कांद्याची आवड मोडणे हा त्या व्रताचा हेतूच नव्हता.

एवढ्यावरून वर्जनाहारच टाकाऊ ठरवणे मात्र उतावीळपणाचे होईल. कॅलिफोर्नियातील ऑकलंड येथील डॉक्टर आल्बर्ट रो यांनी १९२० च्या दशकात अशा आहारांची मांडणी केली ती अन्नाच्या ॲलर्जीचे कारण हुडकण्यासाठी. संशयित पदार्थ काढल्यावर त्रास थांबतो का आणि परत दिल्यावर उलटतो का, हे दोन्ही पाहिल्याशिवाय त्या शोधाला अर्थ नव्हता. म्हणून या पद्धतीचा प्राण वर्जनात नसून परतीच्या टप्प्यात आहे, आणि लोक कंटाळून गाळतात तो नेमका हाच टप्पा. तिसावा दिवस संपल्याचा आनंद पुरणपोळीने साजरा केला, तर गहू, हरभऱ्याची डाळ आणि गूळ एकाच घासात पोटात जातात, वर वाटीभर दूध असतेच. रात्री पोट फुगले तर दोष कुणाचा, हे मग सांगता येत नाही. त्याऐवजी एका दिवशी फक्त वरण, मध्ये दोन दिवस पुन्हा वर्जन, मग भात, पुन्हा खंड, मग दूध, आणि दही त्याहून वेगळ्या दिवशी, असा क्रम ठेवला तरच महिन्याचे कष्ट सत्कारणी लागतात.

इतक्या काळजीनेही फसगत होऊ शकते. नॉर्वेमध्ये स्वतःहून गहू सोडलेल्या ५९ लोकांना एका अभ्यासात ग्लुटेन, म्हणजे गव्हातील चिकट प्रथिन, असलेल्या, फ्रुक्टान ही गव्हात, कांद्यात व लसणात आढळणारी शर्करासाखळी असलेल्या आणि दोन्ही नसलेल्या वड्या, कोणती कोणती हे न सांगता, आलटून पालटून दिल्या गेल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार सर्वाधिक त्रास २४ जणांना फ्रुक्टानने, १३ जणांना ग्लुटेनने आणि २२ जणांना काहीच नसलेल्या वडीने झाला. घरच्या प्रयोगात असे आंधळे परीक्षण जमणे कठीण, त्यामुळे एकदा उठलेल्या कळीवरून गव्हाला जन्मठेप न देता तोच पदार्थ काही दिवसांनी पुन्हा खाऊन पाहणे हाच त्यावर सोपा तोडगा. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने आतड्याच्या तक्रारींसाठी घडवलेल्या आहारपद्धतीत कडक वर्जन दोन ते सहा आठवडेच असते, आणि शेवटच्या टप्प्यात सोसणारे पदार्थ सोसेल त्या प्रमाणात परत घ्यायचे असतात. पेलाभर दूध बाधले म्हणून वाटीभर दही सोडावे लागत नाही.

गव्हाविषयी संशय असणाऱ्याने प्रयोग सुरू करण्याआधीच सीलिअ‍ॅक विकाराची, म्हणजे ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होते त्या विकाराची, रक्ततपासणी करून घ्यावी, कारण गहू बंद केल्यावर रक्तातील प्रतिपिंडे उतरू लागतात आणि विकार असूनही तपासणी निर्दोष येऊ शकते. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी धान्ये एकाएकी सोडल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत औषधाचे प्रमाण डॉक्टरांनी आधी ठरवावे लागते.