टीईटीचे गुण मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची जिम्मेदारी कोणाची?

अकोला : जिल्ह्यातल्या उर्दू शाळांमध्ये सध्या टीईटीशिवाय दुसरा विषय नाही. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून जास्त वर्षे शिल्लक आहेत अशा शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास करावी, नाहीतर नोकरी सोडावी. खटल्याचे नावच ‘अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन’. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्याची शिफारसही त्यात आहे. या सगळ्यावर भरपूर बोलून झाले. आम्हाला वेगळाच प्रश्न पडतो : वीस वर्षांची नोकरी ज्या गुणांवर टांगली जाणार, ते गुण मोजणारा कोण?

हा प्रश्न उगीच नाही. जानेवारी 2020 मध्ये झालेल्या टीईटीत पैसे घेऊन नापासांना पास केल्याचे पुणे सायबर पोलिसांच्या तपासात पुढे आले. डिसेंबर 2021 मध्ये राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक झाली. निकालाचे काम ज्या जी. ए. सॉफ्टवेअर कंपनीकडे होते, तिचा संचालकही गजाआड गेला. ऑगस्ट 2022 मध्ये परिषदेने 7,880 उमेदवारांवर कारवाई केली. पात्र ठरलेले एकूण सोळा हजारांच्या आसपास होते. म्हणजे जवळपास निम्मा निकाल संशयाखाली! रात्र रात्र जागून अभ्यास केलेल्या पोरापोरींची मेहनत गेली कुठे?

आपल्याकडे लोक म्हणतात, ‘कंप्युटरने काढलंय, चुकीचं कसं असेल?’ इथेच फसगत होते. कागदी रजिस्टरमध्ये खाडाखोड केली तर निदान शाई दिसते. संगणकात 52 चे 92 केले तर डाग पडत नाही. कोणी, कधी, काय बदलले याची नोंद आपोआप ठेवण्याची सोय मुद्दाम करावी लागते. ती नोंद बदलणाऱ्याच्याच हातात असेल तर तिचाही उपयोग नाही. चांगले सॉफ्टवेअर म्हणजे नुसते झटपट चालणारे नव्हे. ज्याचा हिशेब दुसऱ्याला तपासता येतो, ते चांगले.

दरवेळी चोरीच असते असेही नाही. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने सतरा लाखांवर उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घाईघाईत अमलात आणला. राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदत हुकली, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. पण पुढच्या प्रवेशाची वाट बघत बसलेल्या मुलांचे दिवस कोण परत देणार? पुरेशी चाचणी न घेता यंत्रणा लोकांवर सोडणे, हीसुद्धा बेइमानीच.

डॉक्टरला मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते. वकिलाला सनद लागते, आणि गैरवर्तन केले तर ती जाते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला आपल्या देशात असे काहीच लागत नाही. 1999 मध्ये जगातल्या दोन मोठ्या संगणक संघटनांनी मिळून या व्यवसायासाठी आचारसंहिता केली. तिची तत्त्वे आठ; पहिले लोकहिताचे, मालकाचे त्यानंतर. पण ती पाळली नाही म्हणून कोणाचा परवाना जात नाही. कारण परवानाच नाही!

त्याच संहितेत असेही आहे, की बेकायदा मिळवलेले सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरू नये. ही गोष्ट आपल्या गल्लीपर्यंत येते. उर्दू पत्रिका आणि प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षे इनपेजवर बनत आल्या, आणि अनेक ठिकाणी त्याची ‘क्रॅक’ कॉपीच चालते. आपल्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रामलाही पुस्तकासारखेच संरक्षण आहे. चोरीची कॉपी जाणून वापरली तर कैदेची तरतूद आहे. 1988 मध्ये कुवेतला भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनेही लेखन आणि संशोधनावरचा हक्क हा शरीअतने मानलेला हक्क असल्याचे ठरवले. ‘पेनड्राइव्हमध्ये आहे, घेऊन जा’ ऐकत मोठी झालेली मुलेच उद्या इंजिनिअर होतात. आज तर नस्तालीक फॉन्ट आणि लिहिण्याचे प्रोग्राम फुकट, कायदेशीर मिळतात. मग बहाणा कशाला?

म्हणून दोन गोष्टी. शिक्षक संघटनांनी टीईटीच्या अभ्यासक्रमासोबत एवढेही मागावे : प्रत्येक उमेदवाराला स्वतःच्या उत्तरपत्रिकेची प्रत, गुणांतल्या प्रत्येक बदलाची नोंद आणि कंपनीशी संबंध नसलेल्या तज्ज्ञांकडून तपासणी. आणि ज्यांची मुले पुण्याला कंप्युटर इंजिनिअरिंग शिकतात, त्यांनी पॅकेज विचारताना हेही विचारावे, की साहेबाने सांगितले ‘एवढे आकडे बदलून टाक’, तर तू काय करशील? हजारो घरांची रोजी त्याच्या बोटांत अमानत असते. ‘नाही’ म्हणायची हिंमत त्याला नोकरी लागण्याआधीच यायला हवी.