पोटरीची सूज, उशीची उंची

धायरीत अलीकडे बऱ्याच घरांत एक खोली रुग्णाची असते. खुब्याचे ऑपरेशन झालेली दादी, लकव्यानंतर अंथरुणाला खिळलेले अब्बा. दवाखान्यातून सुट्टी मिळाली की सगळी शुश्रूषा सुनेच्या, मुलीच्या किंवा ब्यूरोकडून आलेल्या मावशीच्या हाती येते. डॉक्टर महिन्यातून एकदा पाहतात, ह्या बाया चोवीस तास पाहतात. म्हणून हे त्यांच्यासाठी.

सर्वांत आधी पाय. पडून राहिल्याने पोटरीतल्या खोल शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. एकच पाय सुजतो, गरम लागतो, दाबल्यावर दुखतो. आपल्याकडे लगेच तेलाची वाटी पुढे येते. तो पाय अजिबात चोळू नका. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर अचानक धाप लागते, श्वास घेताना छातीत कळ येते, कधी थुंकीत रक्त दिसते, कधी माणूस थेट बेशुद्ध पडतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर हा धोका काही आठवडे टिकतो, त्यासाठी रक्त पातळ ठेवणारे औषध 35 दिवसांपर्यंतही देतात. बरे वाटते म्हणून ते मनाने बंद करू नये. दादी पुरुष डॉक्टरांसमोर पाय उघडायला संकोचतात, हे आम्ही जाणतो. तेव्हा अंघोळ घालतानाच दोन्ही पोटऱ्या पाहा, शिवणाच्या टेपने एकाच उंचीवर घेर मोजा. 3 सेंटीमीटरहून अधिक फरक भरला, किंवा फरक कमी पण पोटरी दुखत असली, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

दोन्ही पायांवर सूज असेल तर हृदय थकल्याची शंका घ्यावी. पडून असलेल्या रुग्णात हे पाणी पायांपेक्षा कमरेखाली, माकडहाडापाशी साठते. बोट दाबले की खड्डा राहतो. एका उशीवर झोपणारे अब्बा तीन उशा मागू लागले, हिंडतेफिरते असतील तर सजद्यातून उठताना धापू लागले, दोन-तीन दिवसांत वजन 2 किलो वाढले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडू नका. रमजानमध्ये लघवीची गोळी परस्पर टाळणारे पुष्कळ आहेत. रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

झटका आला की माणूस छाती धरतोच, हे सिनेमातले. मधुमेही रुग्णांत आणि वयस्कर स्त्रियांत छाती न दुखताही झटका येतो. थंड घाम, मळमळ, जीव घाबरा होणे, असंबद्ध बोलणे, एवढेच दिसते आणि घरचे ओवा-सोडा देण्यात तास घालवतात. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर पाणीसुद्धा तोंडात घालू नका. घड्याळ पाहून वेळ लिहा. मेंदूतली गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि द्यायचे की नाही हे तपासणीनंतर ठरते. त्या तपासणीलाही वेळ लागतो.

108 ची रुग्णवाहिका मोफत आहे. पण संध्याकाळचा सिंहगड रस्ता सर्वांना ठाऊक आहे! रात्रीही सीटी स्कॅन आणि अँजिओप्लास्टी होते असे जवळचे रुग्णालय कोणते, हे आजच विचारून ठेवा. औषधांची चिठ्ठी आणि जुने ईसीजी एका पिशवीत दाराशी टांगा. मावशीच्या मोबाईलमध्ये घरचा पूर्ण पत्ता हवा, आणि फाट्यावरून कुठे वळायचे ती खूणही.