एक नाणें आणि दुबळ्याचा वांटा

स्वतःचें नाणें पाडणें हें राज्यसत्तेचें एक मोठें लक्षण मानिलें जातें. म्हणून एखादा देश आपलें पिढीजात नाणें सोडून शेजाऱ्यांबरोबर एकच नाणें चालवावयास सिद्ध होतो, तेव्हां ती गोष्ट विचार करण्यासारखी असते. १ जानेवारी २०२६ रोजीं युरोपांतील बल्गेरिया देशानें आपलें ‘लेव्ह’ हें नाणें सोडून ‘युरो’ हें सामाईक चलन स्वीकारिलें. युरो चालविणारा तो एकविसावा देश होय. अमरावतीच्या अथवा अकोल्याच्या विद्यार्थ्यास बल्गेरियाशीं काय कर्तव्य, असें कोणी पुसेल. आमचें उत्तर असें कीं, हाच प्रश्न एकदां आपल्या वऱ्हाडच्या वेशीवर येऊन गेला आहे, आणि त्यांतील धडा अजून शिळा झालेला नाहीं.

इ. स. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हवालीं केला व १९०२ मध्यें सालिना २५ लक्ष रुपयांच्या खंडावर तो कायमचा दिला. प्रांत नांवानें निजामाचा राहिला, परंतु बाजारांत चाले तो इंग्रजी कलदार रुपया. पैनगंगा ओलांडून हिंगोली-नांदेडकडे गेलें म्हणजे मात्र निजामाचा हाली शिक्का चाले. त्या नाण्यावर चारमिनारचें चित्र असे. नदीच्या दोन्ही तीरांवर भाषा एक, पीक एक, सोयरिकीही एकमेकांत. रुपये मात्र दोन! शंभर कलदार रुपयांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहा कलदारास सात हाली, असा हिशेब होता. हा हिशेब ज्यास तोंडपाठ, त्याचें भय नव्हतें. ज्यास तो येत नसे, त्यास सराफाच्या शब्दावर विसंबावें लागे.

सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें. १९५० नंतर तेथें भारतीय रुपया चालूं लागला व पुढील कांहीं वर्षांत हाली शिक्का क्रमाक्रमानें चलनांतून गेला. हें योग्यच झालें. एका देशांत, एका भाषेच्या लोकांत, नदी ओलांडतांना बट्टा कां द्यावा? परंतु नाणें बदलतांना दुबळ्या मनुष्यास धोका कोठें असतो, तें एका साध्या त्रैराशिकानें समजतें. समजा, एका मजुराची मजुरी सात आणे हाली होती. नव्या नाण्यांत ती सहा आणे झाली. यांत त्याचें कांहींच गेलें नाहीं. परंतु सात आणे हालीस मिळणारी ज्वारी दुकानदारानें नव्या नाण्यांतही सात आण्यांसच विकली, तर मजुरी सहा व भाकरी सात असा प्रकार होतो. फळीवरचा आंकडा तोच; किंमत मात्र एक षष्ठांशानें चढली. ज्यास गणित येतें तो भांडेल. ज्यास येत नाहीं तो दैवास बोल लावून घरीं जाईल.

१ एप्रिल १९५७ रोजीं आणे-पै जाऊन दशमान नाणें आलें, तेव्हां हीच परीक्षा साऱ्या देशाची झाली. आण्याचे सव्वासहा नये पैसे होत. पाव पैशाचें नाणें तर नव्हतें. म्हणून एका आण्यास सहा व तीन आण्यांस एकोणीस पैसे अशीं कोष्टकें ठरवावीं लागलीं. एका ठिकाणीं घेणाऱ्याचा पाव पैसा वांचे, दुसऱ्या ठिकाणीं तो जाई. श्रीमंतास हा पाव पैसा कांहींच नव्हे. परंतु जो आण्या-आण्याचें तेल-मीठ आणतो, त्याच्या घरीं महिन्याअखेर त्याचा हिशेब लागतो.

बल्गेरियानें या बाबतींत जी तयारी केली ती आम्हांस पसंत आहे. एका युरोस १.९५५८३ लेव्ह असा भाव पांच दशांश स्थळांपर्यंत बांधून दिला, आणि नाणें बदलण्याच्या कित्येक महिने आधीं, ऑगस्ट २०२५ पासून, दुकानदारांनीं प्रत्येक वस्तूची किंमत दोन्ही नाण्यांत लावावी असा नियम केला. दोन्ही आंकडे डोळ्यांपुढें असले म्हणजे लबाडीस अंधार उरत नाहीं.

तथापि एवढ्यानें काम संपत नाहीं. देशाचा माल परदेशीं खपेनासा झाला, तर स्वतंत्र नाण्याचा देश आपल्या नाण्याचा भाव उतरवूं शकतो. मग परक्यांस तो माल स्वस्त पडून धंदा पुन्हां चालूं लागतो. सामाईक नाण्याच्या देशास हा उपाय उरत नाहीं. २०१० नंतर ग्रीस देश कर्जांत बुडाला, तेव्हां त्यास इतरांनीं मदत दिली. परंतु तिच्या अटी इतक्या कडक होत्या कीं, म्हाताऱ्यांचीं निवृत्तिवेतनेंही कापलीं गेलीं.

आपलें वऱ्हाड तरी निराळें काय आहे? मुंबईचा व आपला रुपया एक. म्हणूनच अकोल्याच्या कापसाचा सौदा मुंबईशीं बिनधोक होतो. नाणीं निराळीं असतीं तर प्रत्येक सौद्यांत बट्ट्याची धास्ती शिरली असती, व तिचा भार अखेर शेतकऱ्यावरच पडला असता. यास्तव सामाईक नाणें नको असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, कापसाचा भाव पडला म्हणून वऱ्हाडास आपला रुपया निराळा व स्वस्त करितां येत नाहीं; तेव्हां ज्यांनीं नाणें सामाईक केलें त्यांनीं संकटही कांहीं अंशीं सामाईक मानिलें पाहिजे. सामाईक खजिन्यांतून पडत्या प्रांतास मिळणारी मदत ही भिक्षा नव्हे. एकत्र कुटुंबांत आजारी भावाचें औषध समाईक पैशानें यावें, तसा तो हक्क होय.

विद्यार्थिमित्रहो, त्रैराशिक हें परीक्षेपुरतें शिकूं नका. घरांतील वडील मंडळींस दुकानाची पावती वाचून दाखवा, आंकडा ताडून पाहा. पालकांस आमची विनंती कीं, मुलगा हिशेब विचारूं लागला तर त्यास उद्धट म्हणूं नये. जुन्या करारांत खोट्या तागडीचा कडक निषेध आहे. नव्या करारांत एका गरीब विधवेच्या दोन दमड्या धनिकांच्या देणग्यांहून मोलाच्या ठरल्या आहेत. कोणतेंही नाणें, मग तें एका गांवाचें असो कीं एकवीस देशांचें, त्या दोन दमड्यांचें मोल जपतें कीं नाहीं, हीच त्याची खरी पारख होय.