मसुद्यावर मिस्त्रीची सही

संभाजीनगरच्या गारखेडा परिसरातील माझ्या भाच्याच्या नव्या सदनिकेत जेवणाच्या टेबलालगत ठेवावयाच्या एका पांढऱ्याशुभ्र साइडबोर्डचे दर्शन मला गतवर्षी घडले, तेव्हा तो साइडबोर्ड अद्याप जन्मास आलेला नव्हता. गृहसजावटकाराने लॅपटॉप उघडला आणि सहा फूट लांबीची, चार दारांची, बारीक पायांवर तोललेली ती वस्तू बोटाच्या इशाऱ्यासरशी चहूबाजूंनी फिरवून दाखविली. दारे उघडली, मिटली, खिडकीतले कोवळे ऊनही त्यांवर पडले, आणि घरातील सर्वांनी एकमुखाने पसंतीची मोहोर उमटविली. दाराशी उभा असलेला सुतार मिस्त्री तेवढा काही बोलला नाही, कारण त्याला कोणी विचारलेच नव्हते.

संगणकावरील अशा प्रतिकृतींची निंदा करणे हा माझा हेतू नाही. पूर्वी फडताळ करून घ्यावयाचे तर यजमान हात पसरून माप दाखवीत असे, मिस्त्री मान डोलवीत असे, आणि दोघांच्या मनातील फडताळे निरनिराळी होती याचा उलगडा सागवान कापले गेल्यावरच होत असे. आठ बाय चारचा प्लाय कापल्यानंतर जी चूक पदरात पडते, ती पडद्यावरच उमगली तर लाकूड, पैसा आणि तंटा या तिहींची बचत होते, हे कोणीही मान्य करील. मसुदा म्हणून या प्रतिकृतीची योग्यता निर्विवाद आहे. अनर्थ होतो तो मसुद्यालाच सनद समजण्यात.

कारण या प्रतिकृतीचे अंतरंग पाहिले तर ती म्हणजे बिंदू, रेषा आणि त्यांनी वेढलेले असंख्य त्रिकोण, व त्यांवर ओढलेले पांढऱ्या रंगाचे पांघरूण. तिला वजन नाही. तिची फळी कधी वाकत नाही, कारण तिच्यावर कधी काही ठेवलेच जात नाही. आमचा साइडबोर्ड प्रत्यक्षात उतरला तेव्हा भिंतीच्या तळाशी असलेली फरशीची पट्टी चार सूत पुढे आलेली निघाली आणि कपाट भिंतीपासून तेवढेच दूर राहिले. त्या फटीत आजवर दोन चमचे आणि विजेचे एक बिल गडप झाले आहे. मिस्त्रीला विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, चित्रात पट्टीच न्हाई. आन् ही भिंत गुण्यात न्हाई, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं व्हतं." मधला उभा आधार सुबकतेसाठी गाळलेला असल्याने पितळी भांड्यांच्या भाराने आतील फळीला झोळ आला, मुठीविना केलेल्या दारांवर हळदीची बोटे उमटली, आणि वैशाखात, कूलरवाचून ज्या शहरात निभाव लागत नाही त्या आपल्या शहरात, ओल्या वाऱ्याने पार्टिकल बोर्डच्या कडा फुगल्या. चित्रातील ते कोवळे ऊन कोणत्या देशीचे होते कोण जाणे. ते संभाजीनगरचे खास नव्हते.

आभास रचण्याची कला मात्र या भूमीला नवी नाही. येथून सुमारे तीस किलोमीटरवर वेरूळचे दहावे लेणे आहे. विश्वकर्मा लेणे किंवा सुताराची झोपडी म्हणून ते लोकांना ठाऊक असून, तेथील भव्य बुद्धमूर्तीला सुतार मंडळी विश्वकर्मा मानून वंदन करीत आल्याचे सांगतात. त्याच्या छताला कमानदार वाशांची रांग आहे; कार्ल्याच्या चैत्यगृहात असे वासे खरोखरीच लाकडाचे आहेत, येथे मात्र ते कातळातून कोरलेले असून त्यांच्यावर कसलाही भार नाही. म्हणजे हीदेखील लाकडाविना घडविलेली लाकडाची प्रतिकृतीच. परंतु वासा कोठे टेकतो, कसा वळतो, दोन वाशांत किती अंतर राखावे, याचे ज्ञान कोरणाऱ्याच्या हातात मुरलेले होते, हे त्या छताखाली क्षणभर उभे राहिले तरी कळते. तेव्हा प्रतिकृती करण्यात दोष नाही. ज्या पदार्थाची प्रतिकृती करावयाची त्याला कधी हातच न लावता ती करण्यात दोष आहे.

फर्निचरच्या धंद्यात जगभर नाव कमावलेल्या स्वीडनच्या आयकिया कंपनीलाही हे अनुभवाने शिकावे लागले. २००६ साली तिच्या सूचिपत्रात बर्टिल नावाच्या खुर्चीचे चित्र छापले गेले, ते कॅमेऱ्याने टिपलेले नसून संपूर्णतः संगणकावर घडविलेले होते. पुढे अशा चित्रांचा व्याप वाढला आणि ती निर्जीव दिसू लागली, तेव्हा कंपनीने छायाचित्रकारांना संगणकाचे व संगणकीय चित्रकारांना छायाचित्रणाचे शिक्षण दिले. एकाची विद्या दुसऱ्याच्या हाती गेली आणि काम सुधारले.

आपणांसही हाच मार्ग मोकळा आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यातील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तजवीज आहे. रंधा आणि पटाशी यांच्या पंक्तीला आता संगणकावरील आराखडाही अवजार म्हणून बसवावा, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील सुतारकामाच्या वर्गात तो रीतसर शिकवावा. ब्लेंडरसारखी आज्ञावली २००२ पासून सर्वांस खुली व विनामूल्य असल्याने खर्चाची सबब येथे चालणार नाही. उलट, गृहसजावटीच्या विद्यार्थ्याने पदविका घेण्यापूर्वी निदान पंधरा दिवस एखाद्या सुताराच्या कारखान्यात भुसा अंगावर घ्यावा. आणि यजमानांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, एवढी शिस्त पाळावी की प्रत्यक्ष खोलीच्या मापांवरून व प्लायच्या जाडीसह केलेल्या आराखड्यावर मिस्त्रीच्या हरकती नोंदविल्या गेल्यावाचून त्याला मंजुरी द्यावयाची नाही.

भाच्याने यंदा देवघर करावयास घेतले, तेव्हा आराखड्याचा छापील कागद प्रथम मिस्त्रीपुढे ठेवला. त्याने कानावरची पेन्सिल काढली, भिंतीला गुण्या लावून पाहिला, कागदावर दोन ठिकाणी रेघा मारल्या आणि तळाशी मोठ्या अक्षरांत 'पट्टी' असे लिहिले. सजावटकाराने दहा मिनिटांत तेवढी दुरुस्ती केली.