‘मोमेंट’ म्हणजे क्षण नव्हे

वकिलीचे शिक्षण घेताना करार कायद्याच्या पुस्तकात ‘कन्सिडरेशन’ हा शब्द आम्ही प्रथम वाचला आणि त्याचा अर्थ ‘विचार’ असा धरून कित्येक पाने पुढे गेलो. शब्द ओळखीचा वाटल्याने कोश उघडलाच नाही. 1872च्या भारतीय करार कायद्यात तो ‘प्रतिफल’ या अर्थाने येतो, हे उमगले तेव्हा अर्धे सत्र उलटले होते.

सीमाभागातील आमच्या मुलांना अभियांत्रिकीच्या वर्गात नेमके हेच भोवते. बेळगाव-निपाणी पट्ट्यात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी पीयूसीला विज्ञान घेतो आणि एका उन्हाळ्यात त्याचे सारे शास्त्र इंग्रजी होते. ‘थर्मोडायनॅमिक्स’सारख्या लांबलचक शब्दापाशी तो फारसा अडत नाही, अनोळखी म्हणून तो मुद्दाम पाठ करतो. घात करतात ते लहान, परिचित शब्द. ‘मोमेंट’ म्हणजे क्षण, हे त्याला पक्के ठाऊक असते. यंत्रशास्त्रात मात्र तो बल आणि त्याचे आसापासूनचे लंबांतर यांचा गुणाकार असतो. बिजागरीजवळ ढकललेले दार जड जाते, कडीपाशी ढकललेले सहज फिरते, एवढे मराठीत सांगितले की शब्द जागेवर बसतो. ‘स्ट्रेस’ आणि ‘स्ट्रेन’ या दोहोंना बोलण्यात आपण ताणच म्हणतो. परिभाषेत पहिला म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल, दुसरा म्हणजे लांबीतील बदलाचे मूळ लांबीशी प्रमाण. इंग्रजी शब्दाची व्याख्या आणखी चार इंग्रजी शब्दांत सांगून हा गोंधळ सुटत नाही.

1998मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आमच्याच बेळगावात आहे. कन्नड न येणाऱ्यांसाठी त्याच्या अभ्यासक्रमात ‘बळके कन्नड’ हा विषय आहे. सक्तीविषयीचे आमचे मत वाचकांस ठाऊक आहे. पण विद्यार्थी निराळ्या मातृभाषेतून येतो, ही गोष्ट तेथे गृहीत धरलेली आहे, एवढे मान्य करावे लागेल. मग इंग्रजी शिकवतानाच तिचा विसर का पडावा? पत्रलेखन आणि संभाषण यांपलीकडे विषयाचा शब्दही त्या तासाला हवा, आणि तोही मराठीच्या आधाराने.

तो आधार दूर शोधावा लागत नाही. उद्यमबागेतील ओतशाळांत काम करणारा बाप ‘पॅटर्न’, ‘कोअर’, ‘राइझर’ हे शब्द अचूक वापरतो. ओतलेला धातू थिजताना आकसतो, ती तूट भरून काढणारा वाढीव रस राइझरमध्ये राहतो, हे त्याने हाताने शिकलेले असते. मुलगा तीच व्याख्या परीक्षेसाठी घोकतो आणि घरी विचारायला संकोचतो.

प्रश्नपत्रिकेतील क्रियापदांची कथा निराळी नाही. ‘डिराइव्ह’, ‘अझ्यूम’, ‘जस्टिफाय’ ही कोणा एका विषयाची मालमत्ता नसल्याने ती शिकवण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली अशा विद्याशाखीय शब्दांची 570 कुळांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यासमोर मराठी रकाना भरणे एखाद्या महाविद्यालयाच्या दोन प्राध्यापकांना, एक इंग्रजीचा व एक यंत्रशाखेचा, एका सुट्टीत जमण्यासारखे आहे.

मराठीच्या लढ्यात इंग्रजीची वकिली कशाला, असे आमचे काही सहकारी विचारतील. मराठी शाळेतून आलेला मुलगा पहिल्याच वर्षी नापास झाला, की गल्लीतील पुढची चार घरे आपली मुले इंग्रजी शाळेत घालतात. पटसंख्येचे हे गणित त्यांनी स्वतःच्या गावातील शाळेत जाऊन एकदा पडताळावे.