अंगणवाडीच्या मोबाईलवर नोंदी भरपूर. गावकऱ्याला सल्ल्याचा मेसेज कधी?

नाशिक : पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर अंगणवाडी सेविकेचा मोबाईल आता वजनकाट्याइतकाच महत्त्वाचा झालाय. केंद्राचं ‘पोषण ट्रॅकर’ ॲप मार्च 2021 मध्ये आलं. मुलांचं वजन, उंची, हजेरी सगळं त्यात भरायचं. 1 जुलै 2025 पासून तर घरी न्यायच्या आहारासाठी चेहऱ्याची ओळख पटवणं बंधनकारक झालं. डोंगरात रेंज गेली की सेविका अडते आणि गरोदर बाई ताटकळते. हलके मोबाईल आणि इंग्रजीतलं ॲप, या तक्रारींवरून ऑगस्ट 2021 मध्ये राज्यातल्या सेविकांनी मोबाईल परत करण्याचं आंदोलनही केलं होतं.

एवढी माहिती गावातून वर जाते. वरून गावकऱ्याकडे काय येतं?

गरज मोठी आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची 100 पैकी 35 मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली. त्याच पाहणीत 100 पैकी 23 महिलांचं वजन जास्त निघालं. म्हणजे कुपोषण आणि लठ्ठपणा दोन्ही एकाच वेळी. शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला, असं अजूनही म्हटलं जातं. पण नांगरट ट्रॅक्टरने होते, पाणी ठिबकने जातं, मळ्यापर्यंत मोटारसायकल जाते. चहातली साखर आणि फरसाणची पुडी मात्र वाढली.

यावरचा स्वस्त उपाय देशात तपासून झालाय. दक्षिण भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 537 पुरुषांवर अभ्यास झाला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सुरुवातीला एकदाच सल्ला दिला. बाकीच्यांना त्यासोबत दोन वर्षं साधे एसएमएस पाठवले. नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी 100 तले 27 जण मधुमेही झाले, एसएमएसवाल्यांपैकी 18. फरक पडला तो मुख्यतः खाण्यात. व्यायाम मात्र मेसेजने फारसा वाढला नाही. 2016 मध्ये केंद्रानेही मिस्ड कॉल दिला की मधुमेहाविषयी मेसेज येतील, अशी ‘एम-डायबेटिस’ सेवा सुरू केली.

यासाठी स्मार्टफोन लागत नाही, नवं ॲपही नको. आशाताई 30 वर्षांवरच्या माणसांचे मधुमेह-रक्तदाबाचे फॉर्म भरतातच. त्यातल्या ज्यांना धोका आहे, त्यांच्या नंबरवर संमती घेऊन आठवड्याला दोन मराठी मेसेज पाठवणं अवघड नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी आवाजातला निरोप चालेल. मजकूर मात्र इथल्या ताटाचा हवा. ओट्स आणि सॅलडचा सल्ला सुरगाण्यात कोण ऐकणार? नागलीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी, रानभाज्या सांगितल्या तर घरात चर्चा होईल. व्यायामासाठी मेसेजपेक्षा गावातली सोबत कामाची: बचत गटाच्या बायका, भजनी मंडळ, तरुण मंडळ रोज अर्धा तास चालायला निघालं तर.

येत्या ग्रामसभेत दोन गोष्टी मागता येतील. रेंज नसल्याने किंवा चेहरा न जुळल्याने कुणाचा आहार थांबणार नाही, याची लेखी हमी आणि तोवर वहीवर नोंद. दुसरं, प्राथमिक आरोग्य केंद्राकडून मराठी मेसेजची सोय. पहिलीत एका दिवसाचाही उशीर परवडणारा नाही, कारण ती पोटातल्या बाळाची गोष्ट आहे.