हातभर देश

दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्याच सकाळी आमच्या इमारतीतली मुलं दार वाजवतात आणि जुनं गोणपाट मागतात. दुपारपर्यंत जिन्याशेजारी विटा रचल्या जातात, त्यांवर ओलं गोणपाट पडतं, चिखलाचे लेप चढतात आणि उतारांवर अळीव पेरले जातात. चार दिवसांत डोंगर हिरवा होतो. वर सिंहासनावर बसलेले महाराज महादरवाजाहून उंच असतात, आणि पहाऱ्यावरचा मावळा बुरुजावर मावत नाही. किल्ला पाहायला येणाऱ्या कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. मला तर ते प्रमाणच खरं वाटत आलं आहे. ज्याच्यावर जीव जास्त, तो मोठा.

यंदा अंकाची जुळवाजुळव करताना मनात सारखं दुसरं एक छोटं जग येत राहिलं. नेदरलँड्समधल्या हेग शहरातलं मादुरोडाम. तिथे सगळा देश पंचविसाव्या हिश्शाने उभा केला आहे. उट्रेख्टच्या चर्चचा ११२ मीटरचा मनोरा तिथे साडेचार मीटरचा होतो आणि धडधाकट पुरुष सात सेंटिमीटरचा. ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठची घरं, पवनचक्क्या, विमानतळ, धावत्या आगगाड्या, सगळं आहे. झाडं खरी आहेत. ती सतत छाटून खुजी ठेवावी लागतात.

पण या बागेचं नाव एका मुलाचं आहे, हे कळलं तेव्हा माझं तिच्याकडे पाहणंच बदललं.

जॉर्ज मादुरो १९१६ साली कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावर, एका ज्यू कुटुंबात जन्मला. आईवडिलांचा एकुलता मुलगा. लायडनला कायदा शिकत होता. मे १९४०मध्ये जर्मन फौजा उतरल्या तेव्हा तो घोडदळात राखीव अधिकारी होता. हेगजवळची एक हवेली जर्मन छत्रीधारी सैनिकांनी ताब्यात घेतली होती. तिच्यावरच्या हल्ल्याचं नेतृत्व त्याने केलं. देश पाच दिवसांत पडला. जॉर्ज पुढे भूमिगत चळवळीत शिरला, पकडला गेला, आणि फेब्रुवारी १९४५मध्ये डाखाऊच्या छळछावणीत टायफसने गेला. वय २८. एप्रिलच्या अखेरीस ती छावणी मुक्त झाली. १९४६ साली त्याला मरणोत्तर मिलिटरी विलेम ऑर्डर हा डच सैन्यातला सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला.

त्याच सुमारास बून-व्हान डर स्टार्प नावाच्या एक बाई पैशाच्या विवंचनेत होत्या. लारेन गावात क्षयाने आजारी विद्यार्थ्यांसाठी आरोग्यधाम होतं. उपचार घेता घेता शिक्षणही चालू राहावं अशी तिथली सोय. त्यासाठी दरवर्षी पैसा लागे. इंग्लंडात बीकन्सफील्डला १९२९पासून बेकनस्कॉट नावाचं छोटं गाव होतं, त्याच्या उत्पन्नातून दानधर्म चाले. तसंच आपल्याकडे करावं, असं बाईंच्या मनात आलं. सुरुवातीचं भांडवल दिलं जॉर्जच्या आईवडिलांनी. ॲमस्टरडॅम, रॉटरडॅमसारखंच मुलाच्या नावाला ‘डाम’ जोडलं गेलं आणि २ जुलै १९५२ रोजी बाग उघडली.

मुलगा गमावलेल्या त्या दोघांना उंच स्तंभ उभारता आला असता. आपल्याकडे तर स्मारक म्हटलं की पहिला प्रश्न उंचीचाच निघतो. त्यांनी मुलाच्या नावाने असा देश उभा करायला पैसा दिला, ज्यात पाच वर्षांचं पोरसुद्धा घरांच्या छपरांवर वाकून पाहू शकेल. आणि तिकिटाच्या पैशातून त्याच्यासारख्याच, शिकत्या वयातल्या मुलांना औषधपाणी मिळालं. याहून थोर स्मारक मला माहीत नाही.

या छोट्या शहराची पहिली महापौर होती १४ वर्षांची राजकन्या बिआट्रिक्स. बाग उघडून सात महिने होतात न होतात, तोच ३१ जानेवारी १९५३च्या रात्री उत्तर समुद्राने बंधारे फोडले आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं बुडून मेली. त्यानंतर देशाने समुद्र अडवण्याचं अवाढव्य काम हाती घेतलं. त्यातला ओस्टरस्खेल्डचा नऊ किलोमीटरचा बांध १९८६ साली पुरा झाला, तेव्हा त्याचं उद्घाटन केलं राणी झालेल्या त्याच बिआट्रिक्सने. आता तो बांधही बागेत आहे, पंचविसाव्या हिश्शाने. १९८०मध्ये ती राणी झाली आणि महापौरपद शाळकरी मुलांकडे आलं. कुरासावमधल्या जॉर्जच्या जन्मघराचीही प्रतिकृती तिथे आहे. त्या घरापाशी मी मनाने पुन्हापुन्हा जातो.

गेल्या जुलैत, म्हणजे २०२५मध्ये, युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. आमच्या इमारतीतल्या मुलांनी लगेच ठरवलं, यंदा सिंधुदुर्ग. नकाशा वहीच्या मागच्या पानावर तयार आहे. तटाची नागमोडी वळणं आणि बाहेरून चटकन न दिसणारा दरवाजा कसा साधायचा, यावर जिन्यात रोज वाद चालतो. समुद्रासाठी मोठी परात मिळाली आहे. शाडूची माती अजून मिळायची आहे आणि तीन पोती तांबडी माती लागणार आहे. अंक छापखान्यात गेला की मी त्यांच्याबरोबर ती आणायला जाणार आहे.